आधी पंखा बंद करा

नेत्रदान पंधरवडा आला (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पोळ्याच्या आगेमागे) की व्हॉट्सॲपवर संकल्पपत्रांचे फोटो सुरू होतात. अमुक गावात इतके फॉर्म, तमुक मंडळाचे तितके. दरवर्षी मी एक अंगठा टाकून पुढे जायचो. आता जाववत नाही, कारण असाच एक फॉर्म आमच्या घरात होता.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पारोळ्याला एका शिबिरात भरलेला. त्याच शिबिरात त्यांना कानाचं मशीनही मिळालं. तपासणी झाली, हार झाला, फोटो झाला आणि डबी हातात आली. सोबत शर्टाच्या बटणाएवढे सहा सेल. या सेलवर एक बारका रंगीत स्टिकर असतो. तो काढला की आत हवा शिरते आणि सेल सुरू होतो. मग तो मशीनमध्ये घाला नाहीतर फडताळात ठेवा, उतरतच जातो. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. नानांच्या राठ बोटांना ते जमायचं नाही म्हणून आईने त्याच संध्याकाळी मोठ्या हौसेने सहाच्या सहा स्टिकर सोलून ठेवले. थोड्याच दिवसांत सगळे सेल गार! गावात तसले सेल मिळेनात, कोणी जळगावला गेलं तर आणायचे. त्यात कानातला साचा सैल, तोंड हललं की शिट्टी. "कानमा पिपानी वाजस," म्हणत नानांनी मशीन चष्म्याच्या जुन्या डबीत टाकलं आणि आम्ही पुन्हा ओरडून बोलायला लागलो.

देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण साचा बसला का, सेल कसा बदलायचा, हे बघायला महिन्याने कोणी फिरकत नसेल तर ती मदत सहा सेलांपुरतीच. मशीनपेक्षा ते समजावून सांगणारा माणूस महाग पडतो, हे मला कळतं. तरी त्याच्यावरच खर्च करा, असंच मी म्हणेन. हार नको.

फॉर्मचंही तेच झालं.

नाना मे महिन्यात गेले, पहाटे चारला. थोरला भाऊ सुरतला. त्याची गाडी अमळनेरला लागून तो घरी पोचेपर्यंत दुपार. तोवर घरात काय चाललं होतं? डोक्यावर पंखा फुल्ल, शेजारच्यांनी कूलरही आणून लावला, कारण मे महिन्यात खान्देशात दुसरं काय सुचणार? फॉर्म रेशनकार्डाच्या पिशवीत होता. तो दहाव्यानंतर सापडला.

आता माहीत आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तो एकाचा दुसऱ्याला चालतो. पण तो सुकतो लवकर. पंखा बंद करायचा, पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आम्ही नेमकं उलटं केलं. सात तास बापाच्या डोळ्यांवर वारा घातला.

आणि दुसरं, जे फोटोखाली कोणी लिहीत नाही: फॉर्म भरला म्हणून काही आपोआप होत नाही. नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो, संमतीची सही त्यांचीच लागते. फॉर्म नसला तरी घरचे देऊ शकतात. म्हणजे सगळी मदार त्या वेळी दाराशी उभ्या असलेल्या, रडून डोळे सुजलेल्या दोन-तीन माणसांवर.

मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, दोन वर्षांनी गेली. वय झालेलं, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, शुगर होती. मला वाटलं, हे डोळे कोण घेणार? फोन केला तर म्हणाले, चालतं. भाऊबंदांपैकी एक जण ओसरीवर उठून उभा राहिला: "पुढला जलममा तिले दिसाव नही ना भो!" मी काही बोललो नाही, बोलायचं सुचलंच नाही. मोठ्या मायचा मुलगा म्हणाला, "उद्या तिले आख्खी जाळनीच शे ना?" तो विषय तिथे मिटला. गाडी तासाभरात आली. दोघं जण, एक पेटी. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला बघितला, सही घेतली, तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं. पंधरा-वीस मिनिटं दार लोटलेलं. बाहेर आल्यावर चेहरा तसाच, पापण्या मिटलेल्या, कुंकू जागेवर. पैसे कोणी मागितले नाहीत. कोणाला बसवले ते सांगत नाहीत, आणि ते बरंच आहे.

ज्यांना लागतात ती माणसं आपल्याच शिवारात आहेत. डोळ्यात फूल पडलं म्हणतो ना आपण, ते म्हणजे हाच पडदा पांढरा पडणं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या काडीचं, टोक लागलं, मेडिकलवरून कसलेही थेंब आणून घातले, चार दिवसांत डोळा पांढरा. नाहीतर तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराने दाबली आणि ती डोळ्यात फुटली. अशा वेळी आधी भरपूर पाण्याने डोळा धुवायचा, धुवतच राहायचा आणि मग गाडी काढायची. (ती पुडी लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका. कितीदा सांगायचं?) मोतीबिंदूवर कॉर्निया लागत नाही, त्याचं ऑपरेशन वेगळं. आणि अख्खा डोळाही कोणाला बसवत नाहीत, फक्त पुढचा पडदा.

आमच्या आईला लिहिता-वाचता बेताचंच येतं. तिने स्वयंपाकघराच्या दारामागे माझ्याकडून स्केचपेनने नेत्रपेढीचा नंबर लिहून घेतलाय, गॅसवाला आणि लाईनमन यांच्या मधोमध. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "मी मरनू का पहिले पंखा बंद करजो. मंग रडजो."