फडकं, बत्ता आणि एअर फिल्टर

गाडीचं अ‍ॅव्हरेज ६० वरनं ४२ वर आलं तेव्हा मी आधी पेट्रोल पंपावर संशय घेतला, मग टायरच्या हवेवर, मग रोज स्वारगेटपर्यंत मागे बसून येणाऱ्या मित्रावर, कारण तो हल्ली आठवड्यातनं चारदा मिसळ खातो. एअर फिल्टरवर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं, कारण दर सर्व्हिसिंगच्या बिलात ‘एअर फिल्टर क्लीनिंग ६० रुपये’ अशी ओळ असायची आणि मी ती न चुकता भरत आलोय. शेवटी एका चढाला गाडी अशी धापा टाकायला लागली की मीच खाली उतरून तिला पाणी विचारावं.

मग नेहमीप्रमाणे व्हिडिओ बघितला. त्यात एक पोरगा सात मिनिटांत फिल्टर बदलतो, त्यातली तीन मिनिटं तर तो लाईक आणि सबस्क्राईबवरच बोलत असतो. म्हणजे प्रत्यक्ष काम चार मिनिटांचं. म्हटलं एवढं काय असतंय त्यात, चार स्क्रू काढायचे, जुना काढायचा, नवा घालायचा, चार स्क्रू लावायचे.

आता जरा हिशोब सांगतो, कारण मलाही तो तेव्हाच कळला आणि मी हादरलो. एक लिटर पेट्रोल नीट जळायला इंजिनाला जवळजवळ ९,००० लिटर हवा लागते. वजनात बघितलं तर पेट्रोल एक भाग आणि हवा साधारण पावणेपंधरा भाग. आमच्या धायरीत पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा येतो, म्हणजे माझी शंभर सीसीची गरीब गाडी एका लिटरमागे जवळपास एक अख्खा टँकर हवा पिते! आणि हवा कुठली, तर सिंहगड रोडची, उड्डाणपुलाचं काम चालू होतं त्या वर्षांतली. मी तोंडाला रुमाल बांधून जायचो, तरी घरी आल्यावर आई अंगणातच थांबवून झटकून आत घ्यायची. गाडीला रुमाल म्हणजे हा फिल्टर. तो बुजला की हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे कायम चोक ओढून गाडी चालवल्यासारखं.

शनिवारी नाना पेठेत गेलो. पुण्यात टू-व्हीलरचा कुठलाही पार्ट नाना पेठेत मिळतो, फक्त काय पाहिजे ते सांगता आलं पाहिजे. दुकानदाराने विचारलं साल कुठलं, मी म्हटलं २०१६. गोल की चौकोनी? मी म्हटलं काय? “फिल्टर हो, गोल की चौकोनी?” मागे सहा माणसं उभी, सगळी मेस्त्री दिसत होती, सगळ्यांची नखं काळी. मी माझी नखं खिशात घातली आणि ठामपणे चौकोनी म्हटलं. (चौकोनीच निघाला. आयुष्यात एवढं एक बरोबर आलं.) १८० रुपये. शेजारच्या दुकानात स्क्रू ड्रायव्हरचा सेट दिसला, ३५०. म्हटलं घरात असलेला बरा. म्हणजे गॅरेजचे पैसे वाचवायचं काम ५३० रुपयांपासून सुरू झालं.

आम्ही तळमजल्यावर राहतो, गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असते. रविवारी सकाळी तिथेच डबल स्टँडवर लावली, खाली पेपर अंथरला, टूल ओळीने मांडले. बाबा खुर्ची घेऊन आले. बाबा बँकेत होते, मशीन म्हणून त्यांचा संबंध फक्त नोटा मोजायच्या मशीनशी, पण रिटायर झाल्यापासून कोणीही काहीही खोलायला घेतलं की ते खुर्ची आणतात.

साईडचं कव्हर निघालं. त्याच्या आत काळा डबा, डब्याच्या झाकणाला चार स्क्रू. तीन स्क्रू लोण्यासारखे निघाले. चौथा हलेना. जोर लावला तर स्क्रू ड्रायव्हर फिरला आणि स्क्रू तिथेच, वर त्याच्या डोक्यावरची फुली जाऊन छान गोल वाटी झाली. “आटे गेले,” बाबा म्हणाले. मी म्हटलं बाबा आटे नाही, डोकं गेलं. “तेच म्हणतोय मी,” असं माझ्याकडे बघत म्हणाले, स्क्रूकडे नाही.

मग सगळे उपाय झाले. नारळाचं तेल झालं. मध्ये रबरबँड ठेवून फिरवायचा असतो असं कुठेतरी वाचलं होतं, तो रबरबँड तुटून बाबांच्या चहात पडला. शेवटी बाबाच म्हणाले स्क्रू ड्रायव्हर त्या वाटीत धर आणि वरनं ठोक, एकदा बसला की सुटेल. हातोडी घरात नाही. मी खिडकीतनं हात घालून ओट्यावरचा बत्ता घेतला. तीन ठोके, एक पिळा, आणि कट् असा आवाज होऊन स्क्रू सुटला! तो आवाज मी अजून विसरलो नाहीये. बाबांनी टाळी दिली. स्क्रू मात्र टुणकन उडाला आणि इंजिनाच्या मागे कुठेतरी खोल जाऊन बसला.

झाकण उघडलं आणि दोघंही गप्प झालो. आत शेंगदाण्याची टरफलं होती, एक प्लास्टिकच्या पिशवीचा कान होता, आणि या सगळ्याच्या मधोमध, फिल्टरला टेकून, फुलवाती. तुपातल्या. मोजल्या नाहीत पण पन्नास तरी असतील, नीट रचून, गोल करून, वर मऊ गादी.

आता याला एक इतिहास आहे. आमच्या देवघरातनं पाच-सहा महिने वाती गायब होत होत्या. आईचं म्हणणं बाबा त्याने कान साफ करतात. बाबांचं म्हणणं ते बोटाने साफ करतात. गणपतीत तर यावरनं दोन दिवस अबोला होता. आणि इकडे कोणीतरी उंदीर रोज रात्री देवघरातनं वात उचलून, खिडकीतनं उतरून, सीटखालच्या हवेच्या नळीतनं आत शिरून माझ्या गाडीत संसार थाटत होता. फिल्टर मध्ये होता म्हणून, नाहीतर एखादी वात कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतं तिथपर्यंत, पोचली असती. आईला बोलावलं. तिने बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाली, “एवढं शुद्ध तूप खाऊन गाडी चढाला का चढत नाही?” बाबांची माफी वगैरे काही नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हा डबा दर सर्व्हिसिंगला उघडला जात होता, बिलाप्रमाणे. शेवटचं सर्व्हिसिंग दोन महिन्यांपूर्वीचं. मी तावातावाने नव्या फिल्टरच्या खोक्यावरच्या सूचना वाचायला घेतल्या, तर त्यात वेगळंच. या प्रकारच्या फिल्टरच्या कागदाला आधीच तेल लावलेलं असतं, धूळ त्याला चिकटून बसावी म्हणून, त्यामुळे हा धुवायचा नाही, हवा मारून साफ करायचा नाही, भरला की सरळ बदलायचा. (फोमचा असेल तर तो रॉकेलमध्ये धुतात, पिळायचा नाही, नुसता दाबायचा, मग तेल लावून परत घालायचा. तो वेगळा.) म्हणजे जे काम करायचंच नसतं, ते न केल्याचे मी दर वेळी ६० रुपये देत होतो. यावर बाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, “मग त्यांनी बरोबरच केलं की.” बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस आहे, काय बोलणार.

जुना फिल्टर काढला. नवा तपकिरी तेलकट, जुना म्हणजे चुलीवरच्या पापडासारखा काळा, आपटला तर सिंहगड रोड बाहेर पडला. डब्यात कार्ब्युरेटरकडे जाणारं भोक असतं, त्यात कचरा जाऊ नये म्हणून फडकं कोंबून ठेवावं असं व्हिडिओतल्या पोराने सांगितलं होतं, ते मी कोंबलं. डबा पुसला. डब्याच्या खालच्या टोकाला एक बूच लावलेली पारदर्शक नळी असते, तिच्यात तेल-पाणी साठलेलं, तेही काढलं, हाताला लागलं, हात पँटला पुसला. मग तो उडालेला स्क्रू. बोट जाईना, चिमटा पोचेना, शेवटी फ्रीजवरचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीवालं मॅग्नेट दोरीला बांधून खाली सोडलं आणि गळ टाकून बसलो. वीस मिनिटांनी स्क्रू लागला. आमचा नाही, दुसराच कुठलातरी. पण आटे जुळले, म्हटलं हाच लावू.

नवा फिल्टर बसला, झाकण लागलं, कव्हर लागलं. किक मारली. फुर्र. परत किक. फुर्र. चोक ओढून, बंद करून, सेल्फ मारून, शंकराचं नाव घेऊन, काही नाही. गाडी खोकायची आणि मरायची. बाबांनी पेट्रोलचा कॉक तपासला. समोरच्या बिल्डिंगमधले एक काका बाल्कनीतनं ‘प्लग, प्लग’ ओरडले, म्हणून प्लग काढून, काळाकुट्ट होता तो पुसून, परत लावला. पाऊण तास गेला. माझा घामाने अभिषेक झालेला, पाय किकने सोलवटलेला, आणि मी गॅरेजला फोन लावायच्या बेतात असताना खिडकीतनं आईचा आवाज आला.

“अरे, माझं ओट्याचं फडकं कुणी घेतलंय?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कव्हरकडे बघितलं. परत चार स्क्रू.

फडकं काढल्यावर मात्र पहिल्या किकला चालू झाली, आणि आवाज असा मोकळा की आम्हाला दोघांनाही उगाच भरून आलं. चक्कर मारून आलो, वडगावच्या पुलाचा चढ तिसऱ्या गिअरवर सरळ चढली. फडकं आईने परत घेतलं नाही. बत्ता घेतला, दोनदा घासून.

नवरात्र चालूच होतं. खंडेनवमीला आईने पाटावर हत्यारं मांडली, स्क्रू ड्रायव्हरचा सेट ठेवला, विळी ठेवली, बत्ता ठेवला, आणि मी बघतोय तोवर ते स्ट्रॉबेरीचं मॅग्नेटही ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. वाती आता स्टीलच्या डब्यात असतात, झाकण लावून, वर वरवंटा. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आता अ‍ॅव्हरेज ५६ देतीये.

एकादशीला सकाळी बघतो तर हार अर्धा झालेला, आणि पाकळ्यांची एक बारीक रांग हँडलपासनं सीटवरनं सरळ साईडच्या कव्हरच्या फटीपर्यंत गेलेली.