दसऱ्याचा मुहूर्त आणि अर्धा घसारा

गणपतीचं विसर्जन झालं की आमच्याकडे ऑडिट येतं. 'पुढच्या वर्षी लवकर या' असं त्याला कुणी म्हणत नाही, तरी 30 सप्टेंबरच्या आत ते बरोबर येतं.

कराडात माझं झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पूर्वी मी सुखात होतो, आयकर खात्याच्या अंदाजे नफ्याच्या योजनेत होतो. वर्षाची उलाढाल सांगायची, तिच्या आठ टक्के नफा धरायचा (यूपीआयने आलेल्या पैशांवर सहा), की सुटलो. एक पावती कुणी मागत नसे. पण कर्ज काढून मोठं रंगीत मशीन घेतलं, त्या वर्षी नफा कमी दिसला आणि मी अतिशहाणपणा करून त्या योजनेतून बाहेर पडलो. तेव्हापासून पावत्या आणि ऑडिट मागे लागलं. एकदा बाहेर पडलं की पाच वर्षं परत घेत नाहीत. वाळीत टाकलेल्यालासुद्धा गाव याहून लवकर परत घ्यायचं.

तर 2024 च्या सप्टेंबरात मी पिशवीभर बिलं घेऊन सीए मॅडमसमोर बसलो. मॅडम म्हणजे दहावीला असताना माझ्याच दुकानात नोट्स झेरॉक्स करायला येणारी मुलगी. तेव्हा मी तिला पाच रुपयेसुद्धा उधार ठेवू द्यायचो नाही. आता ती पिशवी टेबलावर उलटी करते आणि मला घाम फुटतो.

"काका, हे काय आहे?"

"टोनरचं बिल."

"हा कोरा कागद आहे."

होता खरा. थर्मल कागदावरचं बिल, उन्हाळाभर काउंटरच्या काचेखाली ठेवलेलं. अक्षरं उडून गेली होती.

"आल्या आल्या एक झेरॉक्स काढून ठेवायची ना," ती म्हणाली. मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

वजावट म्हणजे एलआयसीचा हप्ता, अशी माझी इतकी वर्षं समजूत. तिने एकेक विचारायला सुरुवात केली. मशीनच्या कर्जावरचं व्याज? दुकानाचा विमा? बँक कापते ते चार्जेस? व्यवसाय कराचे 2,500? मी सगळं इमानदारीत भरलं होतं आणि खर्चात एकही मांडलं नव्हतं. नेमकं टेम्पोला झालेल्या पोलिसांच्या दंडाचं चलान मात्र मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपलं होतं. ते म्हणे चालत नाही.

"आणि माझी फीसुद्धा खर्चात धरायची," असं म्हणून तिने पावती फाडली. माझ्या फायलीतली ती एकमेव धड पावती.

मग निघाला कागदाचा व्यापारी. त्याला मी एका दिवशी 18,000 रुपये रोख मोजले होते आणि रोखीबद्दल घासाघीस करून 200 रुपये सोडवून घेतले होते. हा पराक्रम मी तिला रंगवून सांगितला. ती म्हणाली, एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले की अख्खी रक्कम खर्चातून बाद, वरचे आठ हजार नव्हे, पूर्ण अठरा. मी ते 200 रुपये मनातल्या मनात व्यापाऱ्याला परत केले.

पण खरी मजा पुढेच. नवा कॉम्प्युटर 60,000 चा. त्यावर वर्षाला 40 टक्के घसारा मिळतो (वस्तू जुनी होते म्हणून तिच्या किमतीतला जो भाग खर्चात धरू देतात तो), म्हणजे 24,000. "कधी सुरू केलात?"

"दसऱ्याला!" मी अभिमानाने सांगितलं. हार, नारळ, पेढे, सगळं.

तिने बोटांवर हिशेब केला. 2023 चा दसरा 24 ऑक्टोबरला. तिथून 31 मार्चपर्यंत भरतात 160 दिवस. 180 च्या आत वापर झाला की त्या वर्षी घसारा अर्धाच, 12,000. बाकीचा पुढच्या वर्षांत हळूहळू.

"मग कधी घ्यायला हवा होता?"

"4 ऑक्टोबरपर्यंत."

मी दिनदर्शिका आठवली. 4 ऑक्टोबरला भर पितृपक्ष. आयकर खात्याचा मुहूर्त आमच्या पितरांच्या पानावर निघाला होता.

शेवटी उधारी. मे 2022 मधलं एक लग्न, पत्रिकांचे 6,300 रुपये येणं. तेव्हा ते उत्पन्नात धरून कर भरला होता, पैसे मात्र आले नाहीत. "वहीत बुडीत म्हणून लिहून टाका, वजा होतील," ती म्हणाली. एवढंच? मला वाटलं होतं कोर्टात जावं लागेल. तरी पेन उचलवेना. नवरदेवाचा बाप रोज समोरून जातो, नमस्कार करतो. हयात माणसाची उधारी बुडाली असं लिहायचं म्हणजे... लिहिलं.

ऑक्टोबरात तोच बाप दुकानात हजर. नातवाचं बारसं! खिशातून नोटा काढून त्याने जुने 6,300 माझ्यासमोर मोजले. मी मॅडमला फोन लावला.

"अभिनंदन काका. ते आता या वर्षाच्या उत्पन्नात."

फोन ठेवेपर्यंत त्याने बारशाच्या पत्रिकेचा नमुनासुद्धा निवडला होता. "दीडशे छापा," तो म्हणाला. "पैशाचं बघू सावकाश."