टॉर्शन बीम म्हणजे अखंड अ‍ॅक्सल नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मागच्या चाकांच्या सस्पेन्शनवरील लेखात मी टॉर्शन बीमला (दोन्ही मागची चाके पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईने जोडणाऱ्या रचनेला) ‘अर्धस्वतंत्र’ म्हटले, त्यावर आपला आक्षेप आहे. दोन्ही चाके एकाच आडव्या तुकड्याने जोडलेली असतील तर तो अखंड अ‍ॅक्सलच होय, ‘अर्धस्वतंत्र’ हा जाहिरातीतला शब्द आहे, आणि कंपन्या ही रचना केवळ पैसे वाचवण्यासाठी वापरतात, असे आपण लिहिले आहे. पैशाचे कारण मोठे आहे, हे मला मान्य आहे. अखंड अ‍ॅक्सलचा मुद्दा मात्र मान्य नाही.

अखंड अ‍ॅक्सल ताठ असतो. डावे चाक दगडावर चढले की उजवेही तितक्याच कोनात कलते. टॉर्शन बीममध्ये प्रत्येक चाक एकेका ट्रेलिंग आर्मच्या, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाला असते, आर्मचे पुढचे टोक रबरी बुशमधून, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीतून, बॉडीला जोडलेले असते, आणि दोन्ही आर्मच्या मध्ये, चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे, एक आडवा बीम वेल्ड केलेला असतो. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभे राहून पाहिले तर बहुतेक वेळा हा बीम गोल नळी नसून व्ही किंवा यू अक्षरासारखा दुमडलेला, एका बाजूने उघडा असा जाड पत्रा असल्याचे दिसते. सारी खुबी त्या उघड्या बाजूत आहे. पुठ्ठ्याची हातभर पट्टी लांबीत मधोमध दुमडून पाहावी. ती वाकवायला गेलो तर सहजी दाद देत नाही, पण दोन टोके उलट दिशांना फिरवली की अलगद पिळली जाते. आणि उघडी बाजू दुसऱ्या पट्टीने कडेपासून कडेपर्यंत चिकटवून बंद केली, की पिळणेही जड जाते.

गाडीतही हेच घडते. एक चाक उचलले गेले की बीम पिळला जातो आणि त्या हालचालीचा काही अंशच दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. वाकायला मात्र तो तयार नसल्यामुळे वळणावरच्या आडव्या जोराने आर्म फाकत नाहीत. शिवाय पिळलेला बीम पूर्ववत होऊ पाहतो, म्हणून गाडी कलताना तोच अँटी-रोल बारचेही, म्हणजे कलणे रोखणाऱ्या दांडीचेही, काम करतो. हा बीम पुढे सरकवत बुशच्या रेषेवर नेला तर दोन्ही आर्म जवळजवळ स्वतंत्र होतात, आणि मागे चाकांच्या रेषेवर आणला तर वागणूक अखंड अ‍ॅक्सलसारखी होते. ‘अर्ध’ हा शब्द या मधल्या जागेचे वर्णन करतो, म्हणून मी तो बदलणार नाही.

पैशाच्या बाबतीत फोक्सवॅगन गोल्फचे उदाहरण बोलके आहे. 1974च्या पहिल्या गोल्फला टॉर्शन बीम होता, 2003च्या पाचव्या पिढीला मल्टिलिंक (प्रत्येक चाक अनेक वेगळ्या दांड्यांनी धरणारी, अधिक खर्चिक रचना) मिळाले, आणि 2012च्या सातव्या पिढीत कमी ताकदीच्या इंजिनांना पुन्हा बीम व जास्त ताकदीच्या इंजिनांना मल्टिलिंक अशी वाटणी झाली.

मल्टिलिंक सरस आहे असे आपण म्हणता, ते वळणांच्या बाबतीत खरे आहे, आणि त्याचे कारण बुशमध्ये आहे. टायरवरचा आडवा जोर बुशच्या बराच मागे लागतो, त्यामुळे रबर दबून बीमसह सगळा सांगाडाच किंचित फिरतो. बाहेरच्या बाजूचे चाक आणखी बाहेर वळते आणि गाडीचा मागचा भाग सैल पडल्यासारखा वाटतो. बुश कडक केले तर रस्त्याचे हादरे आणि आवाज थेट आत येतात. मल्टिलिंकमध्ये वेगवेगळ्या दांड्या वेगवेगळ्या दिशांचा जोर पेलतात, त्यामुळे चाकाला मागे-पुढे मऊपणा देऊनही त्याची दिशा राखता येते. टॉर्शन बीममध्ये ही उणीव भरून काढण्यासाठी बुश तिरके बसवतात. 2009च्या ओपेल अ‍ॅस्ट्रामध्ये तर आडवा जोर पेलण्यासाठी बीमला वॅट लिंकेजची, म्हणजे त्याला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्यांच्या जोडणीची, जोड दिली होती. माझ्या लेखात बुशविषयी एकही वाक्य नव्हते. हा परिच्छेद आता तिथे घातला आहे.