चवथ आठ दिवसांवर आणि मेस्त्री हवाय? मग हे कराच

कोकणातल्या घराचं काम काढायचं तर मुहूर्त अचूक साधायला हवा. दिवाळीनंतरचे दोन महिने कटाक्षानं टाळा. तेव्हा पाऊस गेलेला असतो, भिंती सुकत आलेल्या असतात, भातकापणी उरकून माणसं मोकळी झालेली असतात आणि विहिरीला गिलावा मुरवण्यापुरतं पाणी असतं. अशा दिवसांत काम काढलं तर ते होऊन जाण्याचा मोठा धोका आहे. त्यापेक्षा थांबा. आंब्याच्या बागांत फवारण्या सुरू होऊ द्या, मग तोड, मग पेट्या, मग लग्नसराई. छपरासाठी फोन करायचा तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, "मिरगाला अजून पंधरा दिवस आहेत" असं म्हणत. (२०२५ साली पावसानं मिरगाची वाट न बघता २५ मेलाच तळकोकण गाठलं, पण तो पावसाचा आगाऊपणा, तुमची काय चूक?) रंगासाठी फोन करायचा तो चवथीला आठ दिवस उरले की. तेव्हा अख्ख्या वाडीचे चाकरमानी त्याच माणसाला फोन करत असतात, त्यामुळे आपण एकटे मूर्ख नाही हे समाधान तरी मिळतं.

फोनवर कामाचा तपशील अजिबात देऊ नका. विहीर किती खोल, पाईप किती इंची, गळती पावसात होते की पाऊस थांबल्यावरही, हे सांगितलं तर तो माणूस योग्य सामान घेऊन येईल. "छोटंसंच काम आहे, अर्ध्या तासाचं" एवढंच म्हणा. पलीकडून "ता काय मोठा काम नाय, उद्या सकाळीच येतंय" असं उत्तर आलं की वेळ विचारू नका, पत्ता समजावू नका, संध्याकाळी आठवण करू नका. सकाळी सातपासून ओटीवर बसून राहा.

माणूस निवडायचा कसा? रिक्षावाल्याला विचारा, मुंबईच्या मेहुण्याला विचारा, वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर विचारा. फक्त बाजारातल्या हार्डवेअरवाल्याला विचारू नका. कोण मोजून सामान नेतो, कोण उरलेलं परत आणतो, कोण उधारी वेळेवर मिटवतो, कोण त्याच घरासाठी तोच एल्बो महिन्यात तिसऱ्यांदा घेऊन जातो, हे सगळं त्याला माहीत असतं, आणि इतकी माहिती मिळाली तर निवडीतली गंमत जाते. काम बघायचंच असेल तर परवा पुरं झालेलं बघा, चकाचक दिसतं. दोन पावसाळे काढलेलं काम बघायला जाऊ नका.

आता छप्पर. मंगलोरी कौल म्हणजे मंगलोरी कौल, त्याच्या पाठीवरचा शिक्का कोण बघतो! बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर किती कारखाने झाले आणि प्रत्येकानं आपापला साचा पाडला. एका साच्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत पुरतं बसत नाही, सुतभर फट राहते, आणि पश्चिमेचा वारा तेवढ्या सुतातून पाणी आत मारतो. म्हणून जुन्या कौलाचा फोटो न काढता, नमुना बरोबर न नेता, मिळतील ती दोनशे कौलं टेम्पोत भरून आणा. जुनी चांगली कौलं एका पाखीवर (छपराच्या एका उतारावर) आणि नवी दुसऱ्या पाखीवर लावली तर हा प्रश्न सुटतो, त्यामुळे तसं सुचवणाऱ्या मेस्त्रीला "तू तुझं काम कर" असं ठणकावून सांगा.

कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रीपा, नव्या मारायच्या असतील तर अंतर टेपनं ठरवा, आणि तेही ऐसपैस. जाणता सुतार आणलेल्या ढिगातली पाच-सहा कौलं वाशांवर मांडून बघतो आणि त्यावरून खूण करतो. साधारण साडेबारा इंच येतं, पण कौलाप्रमाणे थोडं मागेपुढे. तुम्ही सरसकट चौदा इंच सांगा. रीपा कमी लागतील, वाचलेल्या पैशांत पावसाळ्यात खाली ठेवायला बादल्या येतील. उतारही तीस अंशांवरून वीसवर आणा, वाशांचं लाकूड वाचतं. आढ्यावरच्या कोन्यांखाली (आढं झाकणाऱ्या कौलांखाली) सिमेंटचा कडक माल ठासून भरायला सांगा. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, कडक माल त्याबरोबर हलत नाही, त्याला केसासारखी चीर पडते आणि ती चीर पाणी ओढून घेते. मग पुढच्या मे महिन्यात पुन्हा माल, त्यावर पुन्हा चीर. मेस्त्री कायमचा जोडला जातो तो असा.

छपरावर चढणाऱ्याचे पाय बघत बसू नका. जो दोन कौलांच्या जोडावर, खाली रीप आहे तिथे पाय टाकतो तो सावकाश काम करतो. कौलाच्या पोटावर पाय देऊन चालणारा भराभर पुढे जातो. तडे काय, जुलैतच दिसायचे. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी कौलं परतून घ्या, नंतर माडावर चढणाऱ्या पाडेलीला बोलावून छपरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुकी झापं उतरवा. पाडेलीला निरोप शक्यतो जूनअखेर द्या. ओल्या खोडावर तो चढत नाही, आणि नारळ स्वतःहून खाली यायला मोकळे राहतात.

उरलेली कौलं भावकीत वाटून टाका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात उतरलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि दोन्ही वेळी कौलापत्र्यांसाठी लोकांची धावाधाव झाली. तेव्हा ज्यांच्या परसात शंभरेक कौलं रचलेली होती त्यांना या सामूहिक अनुभवात भागच घेता आला नाही.

कौलांचा कंटाळा आला असेल तर फॅब्रिकेटर गाठा आणि पत्र्याची शेड मारून घ्या. पत्र्याची जाडी तोंडी विचारा, मोजू नका. 'पन्नास'चा म्हणजे अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा सांगून पस्तीसचा आला तरी रंग तोच असतो, आणि कड चिमटीत धरून स्क्रू गेज लावणं हे संशयी माणसाचं लक्षण. स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागात मारायला लावा, पाणी तिथूनच वाहतं, म्हणजे प्रत्येक भोकाची परीक्षा आपोआप होते. स्क्रू रबरी वॉशर फाटेपर्यंत आवळायला सांगा. ड्रिलचा लोखंडी कीस पत्र्यावर तसाच राहू द्या. पहिल्या सरीनंतर त्याचे तांबूस ठिपके पडतात, आणि तिथूनच खारा वारा पत्रा खायला घेतो. वेल्डिंगवरची खपली न काढता रेड ऑक्साइड फासा, चौकोनी पाईपांची टोकं उघडी ठेवा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं घर असेल तर असा पाईप आतून कुजतो आणि बाहेरून शेवटपर्यंत छान दिसतो.

विहिरीवरचा पंप हा तर तज्ज्ञ पारखण्याचा उत्तम कस. मे महिन्यात पाणी खाली जातं. काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो म्हणजे हवेच्या दाबावर जगतो. कागदावर तेहतीस-चौतीस फूट, व्यवहारात वीस-पंचवीस. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप कितीही चांगला असो, नुसता फिरतो. अशा वेळी दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजणारा माणूस आला तर त्याला वाटेला लावा. तो म्हणेल पंप चार पायऱ्या खाली घेऊ किंवा सबमर्सिबल टाकू, आणि विषय संपेल. ज्यानं मोटारीला हात लावून, डोळे मिटून "मोटार जळली हा" असा निकाल दिला तोच आपला माणूस. तो ती रिवाइंडिंगला घेऊन जाईल आणि परत आणून बसवेल. पाणी तरीही चढणार नाही, पण तोवर पाऊस येतो आणि यशाचं श्रेय दोघांत वाटून घेता येतं.

तसंच, बटण दाबल्यावर पंप नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा काहीशे रुपयांचा कपॅसिटर गेलेला असतो किंवा फार दिवस बंद राहून शाफ्ट धरलेला असतो. दर सकाळी पंपात पाणी भरून प्रायमिंग करावं लागत असेल तर विहिरीतल्या पाईपाच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये पाचोळा अडकलाय किंवा त्याचं वॉशर झिजलंय. ही माहिती मेकॅनिकसमोर उच्चारू नका. त्याचा हिरमोड होतो.

प्लंबर बाजारात किती वेळा जातो यावरून त्याची मेहनत मोजा. पाऊण इंची सीपीव्हीसी आणि पाऊण इंची यूपीव्हीसी या दोन प्लॅस्टिकच्या पाईपांची नावं सारखी, पण बाहेरचा व्यास वेगळा, सीपीव्हीसी बारीक. एकाचं टोक दुसऱ्याच्या एल्बोत बसत नाही, आणि दोघांचं चिकटवायचं सोल्युशनही निराळं. जोडायचे तर मध्ये एमटीए-एफटीए (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड) लागतात. हे ज्याला घरी बसून आधी सुचतं तो चिठ्ठी करून एकाच फेरीत सामान आणतो, साहजिकच त्याची मजुरी कमी वाटते. तुम्ही दुसरा घ्या. पहिल्या फेरीत एल्बो, दुसऱ्या फेरीत टी, तिसरीत टेफ्लॉन टेप, आणि दुकान दुपारी बंद असल्यामुळे चौथी फेरी उद्या. पिठासारखं घट्ट झालेलं जुन्या डब्यातलं सोल्युशन वापरायला परवानगी द्या. जोड सुकण्याआधी "पाणी सोडून बघा" म्हणून मागे लागा. आणि भिंतीतल्या पाईपला प्लास्टरपूर्वी दाब देऊन रात्रभर तपासण्याचा हट्ट मुळीच धरू नका. टाइल्स लावून झाल्यावर फोडण्यात जी भव्यता आहे ती आधी नाही.

वायरमनकडून एकच अपेक्षा ठेवा: पावसात वीज ट्रिप होता कामा नये. तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) सारखं पडतं ते कुठून तरी करंट जमिनीत गळतोय म्हणून; बाहेरच्या ओल्या स्विचमधून, पंपाच्या केबलच्या इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या जोडातून, किंवा कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र केल्यामुळे. सगळे एमसीबी खाली पाडून एकेक वर करत गेलं की दोषी सर्किट सापडायला फार वेळ लागत नाही. पण तुम्हाला दोषी शोधायचा नाही, शांतता हवी आहे. तेव्हा आरसीसीबीच काढून दोन्ही टोकं थेट जोडणारा वायरमन पकडा. पाच मिनिटांत काम, आणि पुढे ट्रिप झालं तर माणूसच होतो.

अर्थिंगच्या खड्ड्याकडे ढुंकून बघू नका. जांभ्याचा कातळ एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, तेव्हा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणं म्हणजे पाण्याची नासाडी. नव्या जोडणीसाठी परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो कागद घर न बघता सही करणाऱ्याकडून घेतला की चहाचाही खर्च वाचतो.

वाळवीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चौकटीवर दिसणारी मातीची नळी झाडूनं पुसून टाका, वर रॉकेल शिंपडा. भिंतीच्या मुळाशी फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडणारे उगाच जमिनीत पैसे घालतात.

रंगाऱ्याला मात्र खास जपा, तो ऑगस्टमध्ये यायला तयार झाला यातच त्याचं धैर्य दिसतं. भिंतीत ओल आहे का हे बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवून दिवसभर ठेवतात. आतून थेंब जमले तर रंग लावायचा नाही. असा प्रयोग केला तर चवथीला भिंत जुनीच राहील, म्हणून करू नका. ओल्या भिंतीवर पुट्टी, पुट्टीवर लगेच प्रायमर, त्यावर दोन हात. नवा गिलावा खाडीच्या न धुतलेल्या वाळूचा असेल तर सोन्याहून पिवळं. विसर्जनापर्यंत रंग टिकतो, दसऱ्याला फुगे येतात, दिवाळीत मिठाचा पांढरा लोणा फुलतो. आणि पुढच्या वर्षी दुसरा रंगारी येऊन भिंतीवर नख ओढत विचारतो, "ह्या कोणी केल्यान?"

राहिला हिशोब. जुन्या घराची दुरुस्ती, जिथे वासा उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, ती उक्ती, म्हणजे एकरकमी ठरवून, द्या. मग मेस्त्री उघडणारच नाही. मोजून सांगता येईल असं काम, समजा कंपाउंडची चिऱ्याची भिंत, ती रोजावर द्या आणि स्वतः मुंबईला निघून जा. उचल मागितली की सगळीच्या सगळी द्या. सामानाच्या पावत्या, कुठे कुठला पाईप गेला त्याचा फोटो, कामाची यादी, काहीही ठेवू नका. ज्यानं सांगितल्या वेळी येऊन, सांगितल्या पैशांत, चोख काम केलं असेल त्याच्याशी शेवटच्या दोनशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करा, म्हणजे पुढच्या वेळी तो तुमचा नंबर बघूनच फोन खिशात ठेवेल.

नंबर जपून ठेवतानाही नाव-गाव लिहायचं कारण नाही. 'प्लंबर', 'प्लंबर २', 'प्लंबर नवा', 'प्लंबर नको' एवढं पुरे. रविवारी दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह तुटून पाणी जिन्यावरून वाहू लागलं की चौघांनाही क्रमानं लावा. पहिला गोव्यात कामाला गेलेला असतो, दुसऱ्याला रेंज नसते, तिसरा कट करतो. फोन उचलतो तो 'प्लंबर नको'च, आणि म्हणतो, "उद्या सकाळीच येतंय."