मेहुण्याला कोड देताना

मराठी माणसाला धंदा जमत नाही हे ऐकून कान किटले असतील तर ऑनलाइन पोकरचे ॲफिलिएट व्हा. गाळा नको, पागडी नको, माल नको. घोडबंदर रोडला गाडीत अडकल्या अडकल्या होण्यासारखा धंदा आहे, आणि घोडबंदरला वेळेची टंचाई कुणाला भासली आहे?

भांडवल एकच: तुमच्यावर भरवसा असलेली माणसे. तुम्हाला एक लिंक आणि एक कोड मिळतो. त्यावरून कुणी खाते उघडले की तो खेळाडू तुमच्या नावावर चढतो. मग त्याच्यापासून कंपनीला जे मिळेल त्यातला ठरलेला टक्का तुमचा. दर डोई ठोक रक्कम घेऊन मोकळे होण्याचीही सोय असते, पण नात्यात इतका रोखठोकपणा बरा दिसत नाही.

माणूस निवडताना नवशिके चुकतात. हिशेबी, पत्ते वाईट आले की निमूट टाकून देणारा मित्र अजिबात धरू नका. पोकरमध्ये खेळाडू आपसात लढतात; जिंको कुणीही, अड्डेवाला नाल कापतो तशी कंपनी पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, आपला वाटा कापते; त्याला रेक म्हणतात. बऱ्याच साइटवर हा रेक, पॉटमध्ये कुणी किती घातले त्या प्रमाणात, ज्याच्या त्याच्या नावे मांडतात. म्हणजे सोन्यासारखा माणूस तो, ज्याला पत्ते टाकवतच नाहीत. गणपतीच्या जागरणात ‘बघू तर खरं’ म्हणत पहाटेपर्यंत पैसे सरकवणारा तुमचा मेहुणा आठवा. त्याने हरावे असे तुम्ही कशाला म्हणाल? फक्त उठू नये.

‘पहिल्या डिपॉझिटवर शंभर टक्के बोनस’ हे वाक्य खणखणीत म्हणा. तो बोनस एकदम हातात पडत नाही, रेक भरत जाल तसा तुकड्यातुकड्याने सुटतो आणि मुदतीत न सुटलेला बुडतो, ही माहितीही जरूर द्या. फक्त लोकल कळव्याच्या खाडीपुलावर धडधडत असताना द्या. तुमचा टक्का काढण्याआधी बोनसचा खर्च सहसा वजा होतो. त्यामुळे मेहुण्याचा बोनस बुडाल्याचे दुःख तुम्हाला फार होणार नाही. तो जिंकलाच, तर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस होता. हे त्याला सरकार सांगेल, तुम्ही कशाला वाईट व्हा?

खरी जोखीम ट्रॅकिंगची. मेहुणा लिंक दाबणार मोबाइलवर आणि खाते उघडणार ऐरोलीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर. लिंक तुमची होती ही नोंद ठेवणारी कुकी बिचारी मोबाइलमध्येच बसून राहते. किंवा मधल्या काळात उपवनला भेटलेल्या मित्राची लिंक दाबून येतो, आणि शेवटच्या क्लिकवाल्याचा हक्क हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. सख्खा मेहुणा परक्याच्या डॅशबोर्डवर! खाते उघडल्यावर कोड सहसा लागत नाही, म्हणून तो समोर बसवूनच टाइप करून घ्यावा. भाऊबीज उत्तम. तो तुमच्याच घरी येतो, आणि ओवाळणी घालायच्या तयारीनेच येतो. ‘भावजी, यात तुमचं काय?’ असे त्याने विचारले तर पानात आणखी एक करंजी वाढा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, ही आपली लाडकी चर्चा कायद्याने एका वाक्यात निकालात काढली: दोन्ही बंद. देशी कंपन्यांनी पैशांची टेबले गुंडाळली. पण खचू नका. परदेशी साइटवाले टेलिग्रामवर दुप्पट टक्का देऊ करतात. तो बुडवला तर दाद मागायला एखाद्या कॅरिबियन बेटावर जावे लागेल. तेवढेच फिरणे होते.

जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे त्याच कायद्यात आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे जाहिरात करतो, आम्ही घरच्या माणसाला सुचवतो. अगदी बरोबर. फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या कोडमध्ये हौसेने स्वतःचे नाव आणि पुढे ‘ठाणे’ घातले असेल, तर वकील आधीच गाठून ठेवा. ओळखीने आलेल्या अशिलाला फीमध्ये काही सूट असते का, तेही विचारा.