हुंकार द्यायलाही अनम्यूट करायचं का?

एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, मामेभावंडांच्या आणि आमच्या अभिवाचन गटाच्या. वर लाल घंटी, खाली जोडलेले हात, मथळा ‘ऑनलाइन मीटिंगचे सुवर्णनियम’. नियम थोडक्यात असे. बोलत नसाल तेव्हा माइक कायम बंद ठेवा. म्यूट केलं की तुमचा आवाज कुणाकडेच जात नाही, ॲपलाही ऐकू येत नाही. स्वतःचा आवाज घुमून परत ऐकू आला तर तुमचा माइक बिघडलाय. नेट कमी असेल तर माइक बंद ठेवून डेटा वाचवा. ब्लूटूथ हेडफोन सगळ्यात उत्तम. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे भोवतालचा गोंगाट गाळणं, नेहमी चालू हवं. आणि सावधान, होस्ट, म्हणजे मीटिंग चालवणारा, तुमच्या नकळत तुमचा माइक उघडू शकतो. शेवटी ‘सर्वांना पाठवा’. सर्वांनी पाठवलाही.

२०२०च्या लॉकडाउनपासून आमच्या गटाची होस्टगिरी माझ्या गळ्यात पडली आहे. ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाला माझ्याइतक्या वेळा उत्तर दिलेला माणूस आमच्या पेठेत तरी नसेल. त्या भांडवलावर हे लिहितोय.

पहिला नियम खरा आहे, पण अर्धाच. चाळीस जणांची सोसायटीची वार्षिक सभा असेल, तर बोलणारा सोडून सगळ्यांनी म्यूटवर असलंच पाहिजे. एका घरातला कुकर, दुसऱ्या घरातली मालिका आणि तिसरीकडे ‘अगं, त्या खजिनदाराला काय कळतंय’, हे सगळं सभेच्या इतिवृत्तात जायची गरज नसते. मोठमोठ्यांचीही यात फजिती झाली आहे. मे २०२०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यांदाच फोनवरून सुनावण्या घेतल्या आणि त्या लोकांना थेट ऐकवल्या. त्यातल्या एका सुनावणीत वकिलाचा युक्तिवाद ऐन रंगात असताना संडासाचा फ्लश ओढल्याचा आवाज साऱ्या देशानं ऐकला. तो कुणाच्या घरातला, हे अधिकृतपणे कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे मोठ्या सभेपुरतं त्या फॉरवर्डशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते ‘कायम’ या शब्दाशी. चार-पाच माणसांच्या गप्पांना, भावंडांच्या रविवारच्या कॉलला, दोन सहकाऱ्यांच्या चर्चेला हाच नियम लावला की संभाषणाचा जीव जातो. आपल्याकडे ऐकणारा माणूस गप्प बसून ऐकत नाही. ‘हं’, ‘बरं’, ‘काय सांगतेस!’, ‘मग?’ हे त्याचं अर्धं काम असतं. माझी आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, ‘हुंकार दे, नाहीतर झोपलास असं समजेन.’ पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी रं जी जी’ करतात. त्यांना म्यूट करून बघा आणि शाहिराला विचारा, पुढचा चौक कसा वाटला म्हणून.

आमच्या गटानं पहिल्या वर्षी ही चूक केली होती. एका काकांनी विनोदी कथा वाचायला घेतली. आम्ही आठही जण शिस्तीत म्यूट. इकडे हसून हसून डोळ्यांत पाणी, आणि तिकडे काका तीन पानं वाचून थांबले. ‘अहो, कुणी आहे का? का लाइन गेली?’ पुढची कथा त्यांनी वाचलीच नाही. तेव्हापासून आमच्याकडे निराळी पद्धत आहे. कानात हेडफोन असतील आणि घरात शांतता असेल, तर माइक उघडा. ज्याच्या घरी गडबड आहे, त्यानं बंद ठेवावा. हा आकडा काही शास्त्रात लिहिलेला नाही, पण माझ्या अनुभवात सात-आठ जणांपर्यंत हे छान चालतं. त्याच्या पुढे कुणाचा तरी कुत्रा जिंकतो.

बंद आणि चालू यांच्या मधलीही एक सोय आहे, आणि तिचा त्या मेसेजात उल्लेखच नाही. झूममध्ये संगणकावर म्यूट असताना स्पेसबार दाबून धरा: दाबलेला असेपर्यंत माइक चालू, सोडला की बंद. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये त्यासाठी कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबून धरायचं. ‘हो हो, अगदी’ एवढंच म्हणायला बटण शोधत बसावं लागत नाही. गूगल मीटमध्ये कंट्रोल-डीनं माइक चालू-बंद होतो, हेही हाताला सवयीचं करून घ्यावं. निम्मी ‘तुम्ही म्यूटवर आहात’ ही ओरड त्यानं थांबते.

त्या ओरडीवरून दुसऱ्या नियमाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. तुम्ही म्यूट असताना बोलायला लागलात की स्क्रीनवर पट्टी येते, ‘तुम्ही म्यूटवर आहात’. मग ॲपला कळलं कसं? ऐकल्याशिवाय? म्हणजे म्यूट ही बहुतेक वेळा ॲपच्या आतली पाटी असते. माइकमधून आवाज येत राहतो, फक्त तो इतरांकडे पाठवायचा नाही असं ॲपनं ठरवलेलं असतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर हेच तपासलं आणि २०२२मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी पाहिलेली ॲप म्यूट असतानाही अधूनमधून माइककडे कान देत होती. सिस्कोचं वेबेक्स तर सतत ऐकत होतं आणि मिनिटाला एकदा आवाजाच्या पातळीविषयीचे आकडे सर्व्हरकडे पाठवत होतं. शब्द नव्हेत, फक्त आकडे. पण तेवढ्यावरून म्यूट केलेल्या माणसाच्या खोलीत स्वयंपाक चाललाय, साफसफाई चाललीय की टायपिंग, अशा सहा प्रकारच्या कामांपैकी नेमकं कोणतं, हे संशोधकांना सरासरी ८२ टक्के अचूकतेनं ओळखता आलं. त्यांनी कळवल्यावर सिस्कोनं ते आकडे पाठवणं बंद केलं. ब्राउझरमधून जोडलं, तर म्यूटचं काम ब्राउझरच्या हाती असतं आणि ॲपला एवढी मोकळीक मिळत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

यावरून ‘सगळे आपलं ऐकतात’ असा दुसरा फॉरवर्ड काढू नका म्हणजे मिळवली. म्यूट हे सभेतल्या माणसांपासून आडोसा म्हणून भरवशाचं आहे, ॲपपासून नाही, एवढाच फरक आहे. खरोखरच खासगी काही बोलायचं असेल तर कॉलमधून बाहेर पडावं. फोनवर खूणही दिसते. आयफोनवर २०२०च्या आयओएस १४पासून माइक वापरात असला की वर नारिंगी ठिपका येतो, आणि अँड्रॉइड १२पासून हिरवी खूण. म्यूट करूनही ती जात नाही हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मीही दचकलो होतो.

तिसरा नियम, ‘आवाज घुमला तर तुमचा माइक खराब’. याच्या बरोबर उलट खरं आहे. तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतोय ना? मग तुम्ही निर्दोष आहात. तुमचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून बाहेर पडतोय, त्याच्या माइकमध्ये शिरतोय आणि फिरून तुमच्याकडे येतोय. गंमत अशी की ज्याच्यामुळे हे घडतं, त्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून तोच सगळ्यात ठासून सांगतो, ‘माझ्याकडे एकदम क्लिअर आहे.’ ॲप आपल्या परीनं झटत असतं. स्पीकरवर काय वाजवलं हे त्याला ठाऊक असतं, ते माइकच्या आवाजातून वजा करतं. पण स्पीकर मोठ्यानं लावला, किंवा कॉल टीव्हीवर टाकला आणि आवाज थोडा उशिरानं बाहेर आला, की वजाबाकी चुकते. होस्टनं एकेकाला म्यूट करत जावं. ज्याच्या म्यूटनं घुमणं थांबलं, तो आपला माणूस. त्याला हेडफोन लावायला सांगायचं, नाहीतर निदान आवाज कमी करायला. नवा माइक विकत घ्यायला सांगू नये.

कानठळ्या बसवणारी ‘कुंईऽऽ’ मात्र निराळी. ती एका खोलीत दोन यंत्रं एकाच मीटिंगला जोडली की येते. नवरा लॅपटॉपवर, बायको फोनवर, दोघं एकाच सोफ्यावर. एकाचा माइक बंद केला तरी त्याचा स्पीकर बोलतच राहतो आणि तो आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, म्हणून एका यंत्राचा ऑडिओच पूर्ण तोडावा लागतो. मीटमध्ये यासाठी कंपॅनियन मोड आहे, त्यात दुसरं यंत्र आवाजाशिवाय आत येतं.

डेटा वाचवण्याच्या गोष्टीत दम नाही. आवाजाला सेकंदाला दहांच्या हिशेबात किलोबिट पुरतात. व्हिडिओला शेकड्यांनी लागतात, कधी हजारांनी. नेट रडत असेल तर कॅमेरा बंद करा आणि खुशाल बोला.

ब्लूटूथचं म्हणाल, तर गाणी ऐकायला ते झकास. पण त्याचाच माइक वापरायला लागलात की नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनला दुसऱ्या, फोनकॉलसाठीच्या पद्धतीवर यावं लागतं. तिथे आवाज एकेरी आणि पातळ होतो, आपलाही आणि आपल्याला ऐकू येणाराही. म्हणूनच कॉल सुरू झाला की ‘अचानक डब्यातून बोलल्यासारखं’ वाटतं. फोनबरोबर आलेला तारेचा इअरफोन, जो ड्रॉवरमध्ये गुंता होऊन पडलाय, तो बहुतेकदा जास्त चांगला. त्याची एकच खोड आहे. तारेवरचा छोटा माइक कॉलरवर किंवा मंगळसूत्रावर घासला की पलीकडे खोलीत फर्निचर हलवल्यासारखा आवाज जातो. कपड्याच्या चिमट्यानं तो गळ्यापासून जरा वर लावावा. आणि ओरडू नये. ॲप आवाज आपोआप कमी-जास्त करत असतं, त्यामुळे मोठ्यानं बोलून फारसं काही हाती लागत नाही, घरातले मात्र वैतागतात. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं तर तुमचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो आणि खोलीचं घुमणं तेवढंच राहतं. खरा फायदा तिथे आहे.

नॉइज कॅन्सलेशन ‘नेहमी’ चालू हवं म्हणणाऱ्याच्या घरात कुणी गाणं शिकत नसावं. माझी भाची ऑनलाइन शिकते. पहिले काही महिने तिच्या गुरुजींना तानपुरा ऐकूच जात नव्हता. तिला वाटायचं तारा उतरल्यात, गुरुजींना वाटायचं ही आळशीपणानं तानपुरा लावतच नाही. दोष दोघांचाही नव्हता. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा, असं ॲप धरून चालतं, आणि तानपुऱ्याचा तर धर्मच एकसारखं वाजत राहण्याचा. मिरजेहून हौसेनं आणलेला तानपुरा छताच्या पंख्याच्या हिशेबात जमा झाला! झूमच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’, म्हणजे आवाज न गाळता पाठवणं, चालू केलं, तेव्हा कुठे गुरुजी म्हणाले, ‘हां, आता पंचम आला.’ तबला, टाळ, पेटी, सगळ्यांना हेच लागू. बोलण्यापुरतं मात्र कॅन्सलेशन चालू ठेवा, पंखा त्यानं खरंच जातो.

राहिला होस्ट. तो तुम्हाला म्यूट करू शकतो. उघडण्याचं तसं नाही. मीटमध्ये होस्टला दुसऱ्याचा माइक उघडताच येत नाही. झूममध्ये तो विनंती पाठवतो, तुम्ही होकार दिलात तर माइक उघडतो. आधीच कायमची परवानगी देऊन ठेवायची सोयही तिथे आहे, पण ती देणारे तुम्हीच. तेव्हा माझ्यावर संशय घेणाऱ्या अभिवाचन गटातल्या मंडळींनी निर्धास्त राहावं. तुमच्या स्वयंपाकघरातलं मला जे जे ठाऊक आहे, ते तुम्हीच ऐकवलेलं आहे.

आमच्या एक आत्या स्मार्टफोन वापरत नाहीत. साध्या फोनवरून नंबर फिरवून येतात, आणि त्यांना ना बटण दिसतं ना पट्टी. अशा फोनवर झूम, मीट, टीम्स तिन्हीकडे स्टार आणि सहा दाबलं की म्यूट होतं, पुन्हा दाबलं की उघडतं. आत्यांनी फोनच्या पाठीवर कागद चिकटवलाय: ‘बोलायचं: तारा सहा. गप्प बसायचं: तारा सहा.’ दुसरी ओळ त्या अजून पाळत नाहीत, आणि वाचणारे काका आता विनोदी कथा पुन्हा वाचायला लागलेत.