एक शेर साखर आणि मी

अमृतसरला बदली झाली तेव्हा जो तो थंडीची भीती घालत होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या लोहरीच्या सणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. थंडीवर निदान रजई तरी मिळते.

१३ जानेवारी उजाडतो तोच गच्चीवरच्या स्पीकरच्या दणक्याने. बाकीचं पंजाब वसंतपंचमीला पतंग उडवतं, अमृतसर लोहरीला. धुक्यात आपला हात आपल्याला दिसत नाही, पण यांना दुसऱ्याचा पतंग दिसतो आणि तो कापताही येतो. मग दारात पोरांची टोळी लोहरी, म्हणजे सणाची वर्गणी, मागायला. ‘सुट्टे नाहीत,’ म्हणालो, तर त्यांनी हुक्क्याचं यमक जुळवून माझं घर भुक्कड असल्याचं गल्लीभर गाऊन जाहीर केलं. या प्रसंगासाठी परंपरेत खास ओळ आहे! नोट काढली तेव्हा कुठे घराची अब्रू परत मिळाली.

यंदा घरमालकांच्या नातवाची पहिली लोहरी. म्हणजे जालंधर, तरनतारनहून आलेले झाडून सगळे नातेवाईक, आणि ‘नको’ म्हणणं म्हणजे थेट बाळाला अपशकुन. रात्री गल्लीत लाकडं पेटली. पोट भाजतंय, पाठ गोठतेय. वळून पाठ शेकावी, तर घरातल्या आजींचा, बीजींचा, डोळा माझ्यावर. अग्नीला पाठ दाखवतोस? सगळे तीळ, रेवड्या, शेंगा, मक्याच्या लाह्या आगीत टाकत होते : मान येवो, दारिद्र्य जावो. आगीत एक मूठ गेली की माझ्या हातात दोन येत होत्या. आपण तिळगुळाचा एक खडा देऊन वर गोड बोलायची अट घालतो. इथे अट नाही. फक्त मोठ्याने बोलायचं.

कारण पुढे दुल्ला भट्टीचं गाणं होतं. दुल्ला पिंडी भट्टियां गावचा, अकबराविरुद्ध बंड करून उठलेला. १५९९मध्ये लाहोरात फासावर गेला. लोककथा सांगते, की सुंदरी आणि मुंदरी या पळवल्या जाणाऱ्या पोरींना त्याने वाचवलं, जंगलात आग पेटवून त्यांची लग्नं लावली, स्वतः कन्यादान केलं. द्यायला हाताशी काय, तर शेरभर साखर. माझ्याकडे काम सोपं होतं, प्रत्येक ओळीला ‘हो!’ म्हणायचं. मी आपलं फोनवर म्हणतात तसं म्हणत होतो. बीजींनी गाणं थांबवलं. ‘पुत्तर, दुल्ला जंगल विच सी, बैंक विच नहीं.’ जंगलात होता, बँकेत नव्हे.

पिकाचा सण म्हणावा, तर गहू अजून हिरवाच; तो बैशाखीला कापणार. आत्ता तुटतोय तो ऊस. मला वाटतं, म्हणूनच ताटात गूळ, गजक, रेवडी आणि मग पुन्हा गूळ. दुल्ल्याने शेरभर साखरेत दोन लग्नं उरकली. तेवढी माझ्या एकट्याच्या पोटात नऊच्या आत गेली होती. त्यावर मोहरीच्या पानांचं साग, मक्याची रोटी आणि जिच्याशी वाद घालता येत नाही अशा मावशींच्या हातचं लोणी.

दिलासा एकच होता. उसाच्या रसातली खीर चुलीवर होती, पण तिला रीत आहे : ‘पोह रिद्धी, माघ खाधी’. पौषात रांधायची, माघात खायची. म्हणजे आज सुटलो.

सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच बीजी जिना चढून वर. हातात खिरीचं पातेलं, त्यावर दह्याची वाटी.

‘बीजी, कल रात इतना खाया...’

‘ओह तां पोह दा सी, पुत्तर. अज्ज माघ ए.’